आधी सांदवाडी, मग शोषखड्डा

(भंडारा जिल्ह्यातील बचत गटांच्या एका मेळाव्यात जागतिक जलदिनाच्या निमित्ताने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



जलदिनाच्या कार्यक्रमात बायकांसमोर काय बोलायचं हे जवळजवळ ठरलेलंच असतं. नळ उघडा ठेवू नका, भांडी घासताना पाणी जपून वापरा, पाण्याची बचत घरातूनच सुरू होते. यातलं काही खोटं नाही. पण हे ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील, आणि सांगून सांगून माझंही तोंड दुखलंय. म्हणून आज उपदेशाऐवजी माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासून सुरुवात करते.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरला एमएसडब्ल्यू करून मी नुकतीच कामाला लागले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात आम्हाला सांडपाण्याचं काम मिळालं. गल्लीत गटारं वाहत होती, डास होते, चिखल होता. उपाय पुस्तकात तयार होता: घर तिथे शोषखड्डा. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी पाइपानं खड्ड्यात सोडायचं, ते जमिनीत जिरतं, गल्ली कोरडी राहते. ठरलेल्या मुदतीत ठरलेले खड्डे झाले. फोटो काढले, अहवाल गेला. मी खुशीत होते.

उन्हाळ्यात पुन्हा त्या गावात गेले, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईनं मला हात धरून घरामागच्या सांदवाडीत नेलं. वांग्याची झाडं वाळून काड्या झाली होती. दोडक्याचा वेल मांडवावरच सुकला होता. ती म्हणाली, "बाई, माह्या वांग्याचा पानी तुमी गड्ड्यात घातलात."

मी तिला भूजल पुनर्भरण समजावून सांगायला लागले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ते पानी मले कवा भेटंल?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

नंतर घरोघरी विचारत गेले, तेव्हा कळलं की कितीतरी घरांत हेच झालं होतं. न्हाणीच्या पाण्यावर बायकांनी वर्षानुवर्षं वांगी, मिरची, अळू, केळ, कढीपत्ता जगवला होता. त्यातली थोडी भाजी ताटात यायची, थोडी शेजारी जायची, कधी चार पैसेही हातात यायचे. सांडपाण्याचा पुनर्वापर ज्याला म्हणतात, तो त्यांच्या घरी आधीपासून होता. मी त्याला सांडपाणी म्हटलं आणि खड्ड्यात घातलं. खड्डा कुठे खणायचा हे ठरवायला जी बैठक झाली, ती घरातल्या पुरुषांची होती. मी बाई असूनही मला ते खटकलं नव्हतं. माझी खरी चूक ती होती.

त्या दिवसापासून पाण्याच्या प्रत्येक योजनेला मी दोन प्रश्न विचारते. पाणी वाचलं किंवा परत वापरलं, तर ते कोणाला मिळणार? आणि हे ठरवताना बैठकीत कोण होतं?

आधी घरातला हिशोब करू. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर होतात. आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी वापरून बाहेर पडतं, असं नियोजनात धरतात. म्हणजे रोज सुमारे २२० लिटर. त्यातून संडासाचं पाणी वजा करा, कारण ते वेगळंच ठेवायचं असतं, तरी न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं मिळून एका लहान सांदवाडीला पुरेल एवढं पाणी रोज उरतं. हजार वस्तीच्या गावाचा विचार केला तर रोज सुमारे ४४ हजार लिटर. एवढं पाणी आपण गल्लीत सोडतो आणि मार्चपासून हापशावर रांग लावतो.

मात्र दुसरा हिशोबही करा. समजा, एका बाईनं काटकसर करून रोज २० लिटर पाणी वाचवलं. वर्षाचे झाले ७,३०० लिटर. एक किलो तांदूळ पिकवायला ढोबळमानानं ३,००० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. म्हणजे त्या बाईच्या वर्षभराच्या काटकसरीतून अडीच किलोसुद्धा तांदूळ होत नाही! तरी बचतीचं भाषण मोरीपाशी बसलेल्या बाईला ऐकवलं जातं. उन्हाळी धान किती एकरांत लावायचा, बोअर किती तास चालवायची, तलावाचं पाणी केव्हा सोडायचं, हे जिथे ठरतं तिथे तिला बोलावणं नसतं. बचत बाईनं करायची आणि पाण्याचा निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा, ही वाटणी आपण मुकाट्यानं मान्य केली आहे.

आता आपल्या तलावांकडे येऊ. आपला जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पाऊस इथे वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर पडतो, पण तो चार महिन्यांत येतो आणि निघून जातो. म्हणून गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी उतार बघून पाळी घातल्या, तलाव आणि बोड्या बांधल्या. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. आपण त्यांना मामा तलाव म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. रचना साधी होती. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात जायचं, तो भरला की त्याच्या खालच्या बोडीत. तुडुमातून सोडलेलं पाणी बांधीत जायचं, एका बांधीतून दुसरीत उतरायचं. पाळीखाली जे झिरपायचं ते विहिरींना मिळायचं. तेच पाणी तीन-चार वेळा कामी येऊन मगच ओढ्याला लागायचं. 'पुनर्वापर' हा शब्द येण्याआधीपासून आपल्या भागात हे चालू होतं.

पण जुन्या काळाची नुसती आरतीही ओवाळू नका. तलावावर सत्ता मालगुजाराची होती. पाळीवर माती ज्यांनी वाहिली त्यांच्यापैकी अनेकांच्या नावावर एक बांधीसुद्धा नव्हती. बाईच्या नावावर तर प्रश्नच नव्हता. १९५० साली मालगुजारी संपवणारा कायदा झाला, तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मालगुजार गेला ते योग्यच झालं, पण तलाव गावाच्या हातात आले नाहीत, ते सरकारच्या मालकीचे झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. दुरुस्ती कोणी करायची, पाणपट्टी कोणी का द्यायची, यावर वाद होत राहिले, आणि तोवर गाळ साचला, तळ्यात बेशरम माजली, कडेकडेनं अतिक्रमणं झाली. वहिवाटीचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात लिहिलेले असतात. ते कागद तुमच्यापैकी किती जणींनी बघितले आहेत? मीही पहिल्यांदा बघितले ते नोकरीला लागून पाच वर्षं झाल्यावर.

आज सिंचनाच्या पाण्यासाठी पाणी वापर संस्था असतात. २००५ चा कायदा आहे. त्यात स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा विचारही आहे. पण सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते. म्हणजे गोष्ट पुन्हा सातबाऱ्यापाशी येते. पऱ्हे काढते बाई, रोवणी करते बाई, निंदण करते बाई. दिवसभर कंबरेत वाकून गुडघाभर पाण्यात ती उभी असते, आणि त्या पाण्याच्या संस्थेची ती सभासद नसते! महाराष्ट्रात १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळाला, २००५ साली तो देशभर लागू झाला. आणि आपण? 'भावाशी संबंध तुटतील' म्हणून हक्कसोड पत्रावर सही करून माहेरी साडीचोळी घेतो. त्या सहीबरोबर पाण्यावरचा हक्कही जातो, हे कोणी आपल्याला सांगत नाही.

दुसऱ्या वगळलेल्या आहेत आपल्या ढीवर बहिणी. तलावावर त्यांचं पोट आहे, जमीन नाही. मासेमारी सोसायटीत नाव बहुधा नवऱ्याचं. बाई डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव मासे विकते, पण तलावाचा ठेका घेताना, बीज कुठलं सोडायचं ते ठरवताना तिला विचारत नाहीत.

त्यांना विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण लांब नाही. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या आणि आता गोंदियात गेलेल्या अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेतर्फे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. ढीवर समाजाच्या लोकांबरोबर त्यांनी तलावांचा अभ्यास केला. लक्षात असं आलं की नुसता गाळ काढून तलाव सुधारत नाही. यंत्रानं सगळा तळ सारखा खरवडला तर उथळ कडा जातात, पाणवनस्पती जातात, आणि त्यांच्या आधारानं अंडी घालणारे देशी मासेही जातात. म्हणून लोकांनी बेशरम मुळासकट उपटली, तळाची जमीन नांगरली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. मासे परत येऊ लागले. या कामात शालू कोल्हे यांच्यासारख्या ढीवर स्त्रिया पुढे आहेत. त्यांच्यापैकी कोणी इंजिनियर नाही. कुठल्या वनस्पतीखाली कुठला मासा बसतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि या कामात त्या माहितीला किंमत मिळाली, एवढाच फरक.

हे झालं गावातल्या पाण्याचं. आता आपल्या वैनगंगेकडे या, कारण तिथे आपल्याला दुसऱ्याचं सांडपाणी मिळतं. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीत येतं. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पूर्वी ते पाणी पुरात वाहून तरी जायचं. गोसीखुर्द धरणाचा पायाचा दगड २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते बसला, २००९ साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि पाणी अडल्यापासून ती घाण धरणाच्या फुगवट्यात साठू लागली. जलपर्णी तुम्ही सगळ्या बघताच. नदीकाठच्या बायका मला सांगतात की पाण्यात उभं राहून कपडे धुतले की पाय खाजतात, जाळ्याला चिकट घाण लागते, गुरं पाण्याला तोंड लावत नाहीत. ज्यांची घरं-शेतं धरणात गेली, त्यांच्याच वाट्याला हे पाणी आलं.

आता गंमत बघा. त्याच नागपूरच्या सांडपाण्याचा एक भाग शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला दिला जातो. त्यासाठी भांडेवाडीला रोज १३ कोटी लिटर पाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचं केंद्र उभं राहिलं. वीज केंद्राला लागणारं तेवढं धरणाचं पाणी वाचतं. ही चांगलीच गोष्ट आहे, देशभर तिचं उदाहरण देतात. पण यातून एक गोष्ट सिद्ध होते. सांडपाणी शुद्ध करणं अशक्य नाही. वीज केंद्राला हवं तेव्हा ते शुद्ध होतं. मग नदीकाठच्या बाईला प्यायला, धुवायला, मासे धरायला हवं असेल तेव्हा ते सगळं शुद्ध होऊनच खाली का येत नाही? कारण वीज केंद्र पाण्याचं गिऱ्हाईक आहे. आपण नुसत्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आहोत. उद्या आणखी पाणी शुद्ध होईल, आणखी कारखाने ते मागतील. तेव्हा शुद्ध पाण्यातला वाटा नदीलाही हवा, हे आजच बोलून ठेवायला हवं.

असं वाटप होऊ शकतं का? झालेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या हिशोबानं नाही, माणसांच्या हिशोबानं वाटलं गेलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनांनाही वाटा. उसाला पाणी नाही. पाणी माणसाचं असतं, सातबाऱ्याचं नसतं, हे तत्त्व महाराष्ट्राच्याच मातीत आचरणात आलं आहे. ते इथे आणणं हे आपलं काम आहे.

पण एक सावधगिरी. पाण्याची बचत, पुनर्वापर हे शब्द चांगले आहेत. त्यांच्या मागून बाईचे कष्ट वाढत नाहीत ना, हे बघायला शिका. श्री पद्धतीनं धान लावला तर पाणी कमी लागतं, हे खरं आहे. बांधीत सतत पाणी उभं ठेवावं लागत नाही. पण उभं पाणी नसलं की तण वाढतं, आणि तण काढतं कोण? म्हणून श्री पद्धत स्वीकारताना गटाला कोनोवीडर मिळालाच पाहिजे, आणि तो घरातल्या पुरुषानंही चालवला पाहिजे. नाहीतर पाणी वाचेल आणि बाईची पाठ मोडेल. न्हाणीचं पाणी बादलीनं उचलून झाडांना घालणं याला मी पुनर्वापर म्हणणार नाही. पाणी आपल्या पायांनी, उतारानं गेलं पाहिजे.

तेव्हा काय करायचं, ते थोडक्यात सांगते.

घरात: न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी संडासाच्या पाण्यापासून वेगळं ठेवा. आधी एका लहान टाक्यात तेलकट तवंग आणि खरकटं अडवा, ते दर आठवड्याला काढा. मग पाणी खडी आणि वाळूच्या चरातून जाऊ द्या, त्यात कर्दळ लावा. तिथून ते सांदवाडीत. साठवून ठेवू नका, डास होतात, वास येतो. झाडाच्या मुळाशी द्या, पानांवर नको. कच्ची खायची भाजी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना हे पाणी घालू नका. केळ, अळू, कढीपत्ता, लिंबू, वांगी यांना चालतं. शोषखड्डा असू द्या, पण सांदवाडीच्या पुढे. बागेला लागून जे उरेल ते खड्ड्यात. आणि कन्हार जमीन असेल तर खड्डा पावसाळ्यात तुंबतो, पाणी जिरत नाही, हे खड्डा खणण्याआधी बघा.

गावात: ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेतली पाहिजे असं कायदा सांगतो. ती रजिस्टरवर सह्या घेऊन होत असेल तर सही करू नका, सभा घ्यायला लावा. तीत तीन ठराव मांडा. तलावाचं पाणी सोडण्याच्या निर्णयात भूमिहीन आणि ढीवर स्त्रियांचा आवाज असावा. तलावातला गाळ काढायची योजना आली तर कुठला भाग उकरायचा आणि कुठला सोडायचा, हे मासेमारी करणाऱ्यांना विचारून ठरावं. आणि गावाच्या नदीतलं पाणी तपासून त्याचा अहवाल मराठीत, समजेल अशा भाषेत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा.

आणि स्वतःसाठी: हक्कसोड पत्रावर सही करण्याआधी एकदा थांबा. एखाद्या मैत्रिणीशी बोला.

शेवटी त्या गावाचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला घरी जाऊ देणार नाही. आम्ही पुन्हा बैठक घेतली. या वेळी ती दुपारी, बायका मोकळ्या असतात तेव्हा, त्या म्हातारीच्याच अंगणात झाली. पुरुषही आले, मागे उभे राहिले. जिथे जमलं तिथे पाइपाला मधेच जोड दिला. पाणी आधी सांदवाडीत, मग खड्ड्यात. सगळीकडे जमलं नाही. काही घरांत उताराच उलट होता, काही खड्डे अंगणाच्या भलत्याच कोपऱ्यात खणून झाले होते. ते आजही तसेच आहेत, आणि त्या घरांतली सांदवाडी पुन्हा उभी राहिली नाही. ते माझ्या खात्यावर आहे.

म्हातारीची वांगी मात्र पुढच्या साली लागली. मला तिनं पिशवी भरून दिली. मी म्हटलं, आजी, इतकी नको. ती म्हणाली, "ने ना. तुह्याच पान्याची आहेत." मी तिला दुरुस्त केलं. तिच्याच पाण्याची होती.